बेणे आपले, कागद कुणाचा?



लागणीचा हंगाम जवळ आला की शेतकी खात्याकडे बेण्याची मागणी सुरू होते. यंदा मागणीबरोबर एक नवा प्रश्नही आला. ऊसरोपे पुरवणाऱ्या एका खासगी मंडळींनी काही सभासदांना छापील करारनामा दिला. रोपांचा दर, पोच करण्याची तारीख, मर झाल्यास भरपाई हे सगळे ठळक अक्षरात होते. खाली बारीक अक्षरात आणखी एक अट होती. या रोपांपासून वाढलेल्या उसाचे बेणे पुढे स्वतःच्या रानात वापरायचे नाही, शेजाऱ्यापाजाऱ्याला द्यायचे नाही आणि विकायचे तर मुळीच नाही. सभासदांनी आम्हाला विचारले, "साहेब, सही करावी का?"

त्या मंडळींचे नाव घेण्याचे कारण नाही. आज एकाने अशी अट घातली, उद्या दुसरा घालील. या एका अटीच्या मागे जगभर चाललेले एक मोठे भांडण आहे, आणि त्याची झळ आपल्या बांधापर्यंत येण्याआधी सभासदांना ते ठाऊक असावे म्हणून हा लेख. आमचे मत आधीच सांगून टाकतो. संशोधनाला पैसा जरूर द्यावा, पण बेण्यावरचा हक्क सहीने लिहून देऊ नये.

स्टार्चची गोष्ट उसवाल्याने का ऐकावी?

हे भांडण समजायला सर्वांत सोपे उदाहरण स्टार्चचे आहे. स्टार्च म्हणजे पिठूळ अंश. भाताची पेज ज्याने दाट होते, कपड्याला जी खळ देतात, साबुदाणा ज्याचा बनतो, ते सगळे स्टार्चच. आपल्या कारखान्यात मात्र तो न बोलावलेला पाहुणा आहे. उसाचे वाढे आणि हिरवा पाला मोळीबरोबर गव्हाणीत गेला, किंवा कोवळा ऊस आला, की रसातला स्टार्च वाढतो. रस चिकट होतो, गाळायला वेळ लागतो, साखरेचे दाणे नीट बांधत नाहीत. मग तो तोडण्यासाठी अमायलेज नावाचे एन्झाइम विकत आणून घालावे लागते. 'तोड स्वच्छ ठेवा, वाढे नीट छाटा' असा धोशा आम्ही लावतो, त्याचे एक कारण हे आहे.

आपल्याला जो नकोसा, तो दुसऱ्या कारखानदाराला मोलाचा आहे. कागद, कापड, डिंक, बिस्किटे, औषधाच्या गोळ्या अशा कितीतरी धंद्यांना स्टार्च लागतो. त्यात दोन जाती असतात. एक अमायलोज, सरळ धाग्यासारखा. दुसरा अमायलोपेक्टिन, फांद्या फुटलेल्या झुडपासारखा. तांदळात अमायलोज जास्त असेल तर भात मोकळा होतो, कमी असेल तर चिकट. बटाट्याच्या स्टार्चमध्ये साधारण पाचवा हिस्सा अमायलोजचा असतो. कागदाच्या आणि डिंकाच्या कारखान्यांना तो नको असतो; वेगळा काढायचा म्हटले तर खर्च येतो.

म्हणून युरोपात बीएएसएफ या जर्मन कंपनीने बटाट्याच्या झाडातच बदल केला. अमायलोज बनवणाऱ्या जनुकाचे काम दाबून टाकले आणि जवळजवळ नुसता अमायलोपेक्टिन देणारा बटाटा तयार केला. नाव ठेवले 'अॅम्फ्लोरा'. मंजुरीसाठी कंपनीला तेरा वर्षांहून जास्त थांबावे लागले. मार्च २०१० मध्ये युरोपीय आयोगाने परवानगी दिली, लोकांचा विरोध पाहून जानेवारी २०१२ मध्ये कंपनीने युरोपातला हा उद्योग आवरता घेतला, आणि डिसेंबर २०१३ मध्ये युरोपीय न्यायालयाने ती परवानगीच रद्द केली.

अमेरिकेत मका पुढे गेला. सिंजेंटा कंपनीने मक्याच्या दाण्यातच अमायलेज बनेल असा जनुक घातला. म्हणजे आपण जे एन्झाइम डब्यातून आणून घालतो ते दाणाच घेऊन येतो, आणि इथेनॉलच्या कारखान्यात स्वतःचा स्टार्च स्वतः तोडतो. २०११ साली तिथल्या सरकारने त्याच्या लागवडीला मोकळीक दिली. तेव्हा पीठ-गिरण्यांनी तक्रार केली की हे दाणे खाण्याच्या मक्यात मिसळले तर आमच्या मालाचा लगदा होईल. हा दूरचा विषय मानू नका. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधने आणली. पुढच्या हंगामासाठी ती उठली, पण तेवढ्या अवधीत देशात मक्याच्या इथेनॉलचा वाटा झपाट्याने वाढला. आसवनीच्या दारात आता उसाशेजारी मक्याचा स्टार्चही उभा आहे.

भांडण झाडाचे नव्हे, कात्रीचे

पेटंट म्हणजे सरकारने शोधकर्त्याला ठरावीक वर्षांसाठी दिलेला मक्ता. आपल्याकडे ती मुदत २० वर्षांची आहे. तोवर दुसऱ्याने ती वस्तू किंवा कृती परवानगीशिवाय वापरायची नाही. यंत्राला पेटंट असते हे आपल्याला पटते. पंप कुणी डोके लढवून बनवला तर त्याला मोबदला मिळावा. पण पंप आपोआप दुसऱ्या पंपाला जन्म देत नाही. बियाणे देते. सगळी गुंतागुंत तिथे सुरू होते.

अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या एका सोयाबीन शेतकऱ्याने धान्यकोठीतून सोयाबीन आणून पेरले आणि त्याचेच बी पुढे वापरले. त्यात मोन्सॅन्टोच्या पेटंटाचा जनुक होता. २०१३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने शेतकऱ्याविरुद्ध निकाल दिला आणि सुमारे ८४ हजार डॉलरची भरपाई त्याच्यावर कायम झाली. न्यायालयाचे म्हणणे असे की बी पेरून नवे बी काढणे म्हणजे पेटंट वस्तूची नक्कल करणे होय. आता उसाचा विचार करा. उसाची प्रत्येक टिपरी ही मूळ उसाची तंतोतंत नक्कलच असते. तो न्याय इथे लागला तर खोडवा राखणारा आणि बेणे देणारा प्रत्येक जण नक्कल करणाराच ठरेल.

पुढची पायरी आणखी नाजूक आहे. आता बाहेरचा जनुक न घालताही झाडाचा स्वतःचा जनुक हव्या त्या ठिकाणी कापता येतो. या कात्रीला क्रिस्पर म्हणतात. ती वापरून ड्यूपॉंट पायोनियर कंपनीने नुसत्या अमायलोपेक्टिनचा मका तयार केला आणि २०१६ साली तसे जाहीर केले. आता ही कात्री कुणाची? कॅलिफोर्निया विद्यापीठ म्हणते आमची, ब्रॉड संशोधन संस्था म्हणते आमची. हा वाद वर्षानुवर्षे चालला. फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकेच्या पेटंट मंडळाने ब्रॉडच्या बाजूने निर्णय दिला. मे २०२५ मध्ये अपील न्यायालयाने तो काही अंशी रद्द करून फेरविचारासाठी परत पाठवला. गंमत अशी की दोन विद्वान संस्था भांडत असताना कंपनीने दोन्ही बाजूंचे परवाने आपल्या खिशात घालून ठेवले. भांडणात कुणीही जिंको, तिचे दार उघडेच. दारात उभा राहणार तो शेतकरी.

भारतातही ही कात्री आली आहे. मार्च २०२२ मध्ये केंद्राने बाहेरचा जनुक नसलेल्या अशा वाणांना जनुकीय फेरबदलाच्या कडक नियमांतून सूट दिली. मे २०२५ मध्ये भाताचे दोन वाण जाहीर झाले, 'डीआरआर धान १००' म्हणजे 'कमला' आणि 'पुसा डीएसटी राईस १'. त्यांत स्टार्चचा बदल नाही. पहिल्यात उत्पादन आणि लवकर तयार होणे, दुसऱ्यात क्षार आणि पाण्याचा ताण सोसणे हा उद्देश. सरकारी संस्थांचे काम आहे, ही चांगली गोष्ट. परंतु कात्री परदेशी पेटंटाखाली आहे, मग या तांदळावर हक्क कुणाचा, ही शंका तेव्हाच जाहीरपणे विचारली गेली. ती रास्त आहे.

सीमेपलीकडचा बटाटा

सभासद म्हणतील, हे सगळे अमेरिका-युरोपचे. तसे नाही. तलासरीच्या पुढे अच्छाडचा नाका ओलांडला की गुजरात. त्याच गुजरातच्या उत्तरेकडील साबरकांठा, अरवल्ली, बनासकांठा भागांत बटाटा होतो. पेप्सिको कंपनीचा चिप्ससाठीचा एक वाण आहे, एफएल २०२७. त्यात पाणी कमी आणि कोरडा अंश जास्त. बटाट्याचा कोरडा अंश म्हणजे बहुतांशी स्टार्चच. म्हणून तळल्यावर काप कुरकुरीत होतो. हा वाण जनुक बदललेला नव्हे आणि त्यावर पेटंटही नव्हते; त्याची १ फेब्रुवारी २०१६ रोजी वाण-संरक्षण कायद्याखाली नोंदणी झाली होती.

कंपनीने करार न केलेल्या शेतकऱ्यांवर, 'आमचा वाण परवानगीशिवाय लावला' म्हणून दावे लावले. २०१९ साली अहमदाबादेत चार शेतकऱ्यांकडून प्रत्येकी एक कोटी रुपयांहून जास्त भरपाई मागितली गेली. दोन-चार एकरांच्या बटाट्यावर एक कोटी! देशभर ओरड झाली आणि त्याच वर्षी मे महिन्यात कंपनीने दावे मागे घेतले. पुढे शेतकऱ्यांच्या बाजूने अर्ज झाला आणि ३ डिसेंबर २०२१ रोजी वाण-संरक्षण प्राधिकरणाने ती नोंदणीच रद्द केली. जुलै २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एक-सदस्य पीठाने रद्द करणे योग्य ठरवले. जानेवारी २०२४ मध्ये त्याच न्यायालयाच्या दोन-सदस्य पीठाने तो निर्णय फिरवला. म्हणजे नोंदणीचा वाद इकडून तिकडे गेला, पण शेतकऱ्याने स्वतःचे बी राखण्याचा हक्क कायद्यात होता तसाच राहिला. हा फरक सभासदांनी लक्षात ठेवावा.

आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण कापसाचे. जालन्याच्या महिको कंपनीच्या भागीदारीतून मोन्सॅन्टोचे बीटी तंत्र देशात आले आणि २००२ पासून बीटी कापूस लागवडीत आला. बियाण्याच्या पाकिटामागे 'ट्रेट फी' नावाची रक्कम द्यावी लागे. मार्च २०१६ मध्ये केंद्र सरकारने ती १६३ रुपयांवरून ४९ रुपयांवर आणली, पुढे कमी करत २०२० मध्ये शून्य केली. त्याच काळात नुझिवीडू या बियाणे कंपनीशी मोन्सॅन्टोचा पेटंटाचा दावा सुरू होता. एप्रिल २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने पेटंट चालणार नाही असे सांगितले. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल बाजूला ठेवून खटला पुन्हा खाली पाठवला. २०२१ मध्ये दोन्ही कंपन्यांनी आपसांत तडजोड केली. दोन सावकारांनी बसून हिशेब मिटवला, पण झाडात घातलेल्या जनुकावरचा मक्ता आपल्या देशात कुठवर चालतो, या प्रश्नाचे शेवटचे उत्तर त्या खटल्यातून मिळाले नाही ते नाहीच.

दोन कायदे, एक फट

आपल्याकडे दोन कायदे शेजारी-शेजारी उभे आहेत.

पहिला पेटंट कायदा. त्याचे कलम ३(जे) म्हणते की वनस्पती, त्यांचा कोणताही भाग, बियाणे आणि वाण यांवर पेटंट मिळणार नाही. हे मोठे कवच आहे. मात्र प्रयोगशाळेत बनवलेला जनुकाचा तुकडा हा 'वनस्पतीचा भाग' की 'शोध', यावर वकिलांचे दुमत आहे. वरचा कापसाचा खटला त्यावरच होता.

दुसरा २००१ चा पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा. त्याच्या कलम ३९ प्रमाणे शेतकऱ्याला नोंदणी झालेल्या वाणाचेसुद्धा बी राखणे, पेरणे, पुन्हा पेरणे, अदलाबदल करणे, वाटणे आणि विकणे याचा हक्क आहे. एकच बंधन. दुसऱ्याच्या वाणाचे बी छाप मारून, नाव घालून पाकिटात विकायचे नाही. त्याच कलमात असेही आहे की कंपनीने सांगितलेले गुण वाणाने दाखवले नाहीत तर शेतकरी भरपाई मागू शकतो. कलम ४२ सांगते की हक्काची माहिती नसताना शेतकऱ्याकडून काही झाले तर त्याला गुन्हेगार धरू नये. जगात असे स्पष्ट कायदे फार थोड्या देशांत आहेत.

फट कुठे आहे ते पाहा. शेतकऱ्याचा हक्क दुसऱ्या कायद्यात आहे. पेटंट कायद्यात शेतकऱ्याच्या बियाण्याचे असे कलम नाही. उद्या एखादा ऊस असा आला की वाण एका कायद्याखाली आणि त्यातला जनुक किंवा कात्री दुसऱ्या कायद्याखाली, तर सभासदाने कुणाचे तोंड पाहायचे? आणि त्यात भर म्हणून आपणच करारनाम्यावर सही करून 'बेणे राखणार नाही' असे लिहून दिले असेल, तर आयत्या बिळावर नागोबाला आपणच बोलावले म्हणायचे.

डहाणू-तलासरीने काय दाखवले

गेल्या वर्षी शेतकी खात्याच्या अभ्यास सहलीत आम्ही काही सभासदांसह डहाणू आणि तलासरी तालुक्यांत गेलो होतो. काही जणांनी तेव्हा नाक मुरडले, की तिकडे आपल्यासारखा ऊस नाही, बघायचे काय? पण बेण्याच्या बाबतीत त्या भागाकडून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

तलासरीकडच्या वारली घरांत भात, नाचणी, वरई यांचे बी बांबूच्या कणगीत शेणाने लिंपून राखलेले असते. कोणता भात पेजेला, कोणता भाकरीला, कोणता सणाच्या दिवशी मोकळा शिजवायला, हे घरातली बाई डोळे मिटून सांगते. ते स्टार्चचेच ज्ञान झाले. तिने त्याला अमायलोज म्हटले नाही एवढेच. त्या गावांत बी विकत आणण्याइतकाच अदलाबदलीचा रिवाज आहे. एकाचे बी पावसाने गेले तर दुसऱ्याच्या कणगीतून येते. ही कणगी हाच त्यांचा विमा.

हा विमा ज्याच्याकडे नव्हता त्याचे काय झाले, हेही त्याच मातीने पाहिले आहे. पूर्वी पावसाळ्याच्या तोंडाला खायला आणि पेरायला दाणा नसे, मग सावकार-जमीनदाराकडून खावटी काढावी लागे. दाणा घेतला की पिकावर त्याचा हात, आणि फिटले नाही की अंगमेहनतीवरही. वेठबिगारीची मुळे अशा कर्जात होती. १९४५ साली तलासरीजवळ झरी येथे गोदूताई आणि शामराव परुळेकरांच्या पुढाकाराने वारली शेतकरी जमले आणि वेठ करणार नाही असे ठरवले, तो इतिहास सर्वांना ठाऊक आहे. राजकारणाचा भाग बाजूला ठेवू. शेतकऱ्याने त्यातून एवढेच घ्यावे की ज्याचे बी दुसऱ्याच्या कोठारात, त्याची मान दुसऱ्याच्या मुठीत.

डहाणूची दुसरी शिकवण घोलवडच्या चिकूची. 'डहाणू घोलवड चिकू' या नावाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्याच्या 'वाडा कोलम' तांदळालाही २०२१ साली ते मिळाले. पेटंट आणि मानांकन यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पेटंट एका मालकाचे, बाकीच्यांना बंदी. मानांकन त्या मुलखातल्या सगळ्या उत्पादकांचे. नाव टिकवायचे, दर्जा राखायचा आणि फायदा वाटून घ्यायचा. चिकूसाठी हे काम बागायतदारांनी स्वतःच्या संघामार्फत केले. सहकाराची आपल्याला जी सवय आहे, तिच्याशी मानांकन जुळते. पण त्यासाठी कुणीतरी कागद गोळा केले, नकाशे काढले, अर्ज भरले, हे विसरू नये.

कागद नसला की काय होते, त्याचे उदाहरण चंद्रपूर जिल्ह्यात आहे. नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी स्वतःच्या छोट्याशा शेतात निवड करत 'एचएमटी' तांदूळ तयार केला. तो लाखो एकरांवर गेला, व्यापाऱ्यांनी पैसे मिळवले, पुढे कृषी विद्यापीठाने शुद्ध केलेला 'पीकेव्ही एचएमटी' वाणही प्रसारित झाला. दादाजींना मान-सन्मान मिळाले, पण वाणाच्या कमाईतून हातात पडले नाही. जून २०१८ मध्ये ते गेले. त्यांनी वाण काढला तेव्हा २००१ चा कायदा नव्हता. आज आहे. शेतकऱ्याच्या वाणाची नोंदणी त्याखाली विनाशुल्क होते. न केली तर दोष कुणाला द्यायचा?

दुसरी बाजू

काही सुशिक्षित सभासद म्हणतात, "साहेब, फुकटात वाण मिळावा असे म्हणून कसे चालेल? संशोधकाला पोट नाही का?" मुद्दा बरोबर आहे. को ८६०३२ हा वाण आपल्या रानात किती वर्षे झाली याचा विचार करा. त्याने घर भरले, पण कोणताही वाण कायमचा नसतो. २६५ ने चोपण जमिनीत हात दिला. नवे वाण आले नाहीत तर काणी, तांबेरा आणि पाण्याचा ताण आपल्याला सोडणार नाहीत. म्हणून 'विज्ञान नको' असे म्हणणाऱ्यांत आम्ही नाही. उद्या कात्रीने तयार झालेला ऊस पाण्याची बचत करून उतारा देणार असेल आणि तपासून मंजूर झाला असेल, तर तो पहिल्यांदा आपल्या बेणे मळ्यात लागावा असेच आम्ही म्हणू.

प्रश्न मोबदला देण्याचा नाही. तो कुणाला, कसा आणि किती वेळा द्यायचा, हा आहे. ब्राझीलकडे पाहा. तिथे १९६९ साली कोपरसुकार या साखर उत्पादकांच्या सहकारी संस्थेने पिरासिकाबा येथे ऊस संशोधन केंद्र काढले. २००४ मध्ये ते वेगळे झाले आणि २०११ मध्ये त्याची भागभांडवलाची कंपनी झाली. त्याच कंपनीच्या बीटी उसाला २०१७ साली ब्राझील सरकारने परवानगी दिली. काम उत्तम आहे, यात शंका नाही. पण आज तिथला ऊस उत्पादक त्या कंपनीला लागवडीच्या क्षेत्रावर रॉयल्टी देतो. सहकाराने पेरलेले रोप मोठे झाले आणि त्याची सावली भाड्याने मिळू लागली.

आपल्याकडे अजून तसे नाही. १९१२ पासून कोइमतूरची ऊस पैदास संस्था, १९३२ पासून पाडेगावचे संशोधन केंद्र आणि १९७५ पासून मांजरीची आजची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट यांनी दिलेले वाण एका रानातून दुसऱ्या रानात मोकळेपणाने गेले. मांजरीची संस्था तर आपल्यासारख्या कारखान्यांच्या वर्गणीवर उभी आहे. आपण मोबदला देतोच, पण सगळे मिळून, आणि एकदाच. हीच रीत आम्हाला योग्य वाटते. या संस्थांना पैसा कमी पडला, की नवा वाण खासगी पाकिटातून येईल आणि मग दर पाकिटामागे मोजावे लागेल.

सभासदांनी काय करावे

एक. बेण्याच्या किंवा रोपांच्या कोणत्याही करारनाम्यावर गटाच्या शेतकी कर्मचाऱ्याला दाखवल्याशिवाय सही करू नये. 'बेणे राखणार नाही' अशी अट असेल तर ती खोडून घ्यावी. खोडत नसतील तर माल घेऊ नये. कारखान्याच्या बेणे मळ्यात रोपे आहेत.

दोन. कुणाकडून कोणते बेणे, कोणत्या तारखेला, किती गुंठ्यांसाठी घेतले याची नोंद प्रत्येक सभासदाने वहीत ठेवावी आणि पावती जपावी. उद्या कुणी 'हा आमचा वाण' म्हणत आला तर तोंडी साक्ष चालत नाही, वही चालते.

तीन. बेणे शेजाऱ्याला जरूर द्यावे, विकावेही. मात्र कंपनीचे नाव किंवा छाप लावून विकू नये. कायद्याने तेवढे एकच दार बंद केले आहे.

चार. कुणाच्या रानात एखादा ऊस वेगळा दिसला, काणी न येणारा, पाण्याशिवाय टिकणारा, तर बेटाला खूण करून आम्हाला कळवावे. आपण तो तपासू आणि योग्य वाटल्यास शेतकऱ्याच्या नावाने नोंदवण्याचा प्रयत्न करू. असा एखादा दादाजी आपल्या कार्यक्षेत्रात असेल आणि आपण त्याला ओळखले नाही, असे होऊ नये.

पाच. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत संचालक मंडळापुढे सभासदांनी दोन ठराव मांडावेत असे आम्ही सुचवतो. पहिला, बेणे राखण्यास बंदी घालणाऱ्या कुठल्याही कराराला कारखाना हमी देणार नाही आणि त्याची रक्कम ऊस बिलातून कापून देणार नाही. दुसरा, ऊस संशोधन संस्थांना जाणारी टनामागची वर्गणी वाढवण्यास सभासदांची तयारी आहे, मात्र त्या पैशातून निघालेले वाण सभासदांना मोकळे मिळाले पाहिजेत.

दुसऱ्या ठरावाने खिशाला थोडी तोशीस लागेल, हे आम्हाला माहीत आहे. टनाला रुपया गेला तर बिलात तो दिसतो. बेण्यावरचा हक्क गेला तर तो दिसत नाही, पुढच्या लागणीला कळतो. म्हणून सभेला नुसते चहाला येऊ नका. हात वर करायला या.

जय सहकार!

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग